पोटाला मार लागला, सोनोग्राफीत काही दिसलं नाही; तरी डॉक्टर घरी का सोडत नाहीत?

दुचाकी घसरते आणि हँडल उजव्या बरगड्यांखाली जोरात लागतं. बाहेर रक्ताचा थेंब नाही, फार तर थोडं खरचटलेलं. कॅज्युअल्टीत डॉक्टर पोटावर जेल लावून काही मिनिटांत सोनोग्राफी करतात आणि 'सध्या काही दिसत नाही' म्हणतात. तरीही रात्रभर ठेवून घ्यायचं म्हटलं की नातेवाइकांना आधी आठवतं ते बिल. पण इथे थांबवण्याला ठोस कारण असतं.

या झटपट तपासणीला 'फास्ट' म्हणतात. तिचा मुख्य रोख यकृताच्या जखमेवर नसतोच, तो असतो पोटात साचलेल्या रक्तावर. हे रक्त स्क्रीनवर काळं दिसतं. माणूस उताणा झोपला की ते यकृत आणि उजवी किडनी यांच्यामधल्या खोलगट जागेत उतरतं, म्हणून तिथे नीट बघतात. शिवाय प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवतीही प्रोब फिरतो.

अडचण अशी, की साधारण २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त यात सहसा निसटतं. यकृताला चीर पडली पण रक्त त्याच्या आवरणाखालीच अडकलं, तर बाहेर काही साचतच नाही. ताजी जखम आजूबाजूच्या यकृतासारखीच दिसू शकते. त्यात यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. आता न दिसलेली गळती काही तासांनी दिसू शकते, म्हणूनच नाडी, बीपी, हिमोग्लोबिन आणि गरज पडल्यास सोनोग्राफी पुन्हा पुन्हा तपासतात.

फास्टचं खरं मोल वेगळंच आहे. बीपी कोसळतंय आणि पोटात रक्त दिसतंय, तर सीटी स्कॅनमध्ये वेळ न घालवता पेशंटला बहुधा थेट ऑपरेशनला नेतात. बीपी स्थिर असेल पण शंका असेल, तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. जखम किती खोल आहे आणि रक्त अजून वाहतंय का, हे त्यात कळतं. मोठी जखम म्हणजे ऑपरेशन, असंही नाही. पेशंट स्थिर असेल तर यकृताच्या बहुतेक जखमा ऑपरेशनशिवाय भरून येतात.

घरी सोडल्यावर पोटदुखी वाढली, चक्कर आली, घाम फुटला किंवा चेहरा पांढरा पडला, तर लगेच परत जावं. मार न लागलेला उजवा खांदा दुखत असेल तर तेही आवर्जून सांगावं. यकृताभोवती साचलेल्या रक्तामुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं.