सोंडेतून धूर निघतो, पण कोळसा कुठून टाकायचा?

ज्यूल्स व्हर्नने १८८० साली आपल्या कादंबरीतून हिंदुस्थानच्या रस्त्यांवर एक पोलादी हत्ती सोडला. उंची २० फूट, लांबी ३० फूट, पोटात वाफेचं इंजिन आणि सोंड म्हणजे धुराडं. हा हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून निघतो आणि उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो. १८५७च्या उठावानंतरच्या दशकात घडणाऱ्या या गोष्टीत नानासाहेब पेशवे खलनायक आहेत आणि शेवटी हत्तीच्या बॉयलरचा स्फोट होऊन त्यांचा अंत होतो. मराठी वाचकाला हे रुचण्यासारखं नाही. हत्तीने मात्र पुढे अनेकांना झपाटलं.

व्हर्नचं जन्मगाव नांत. तिथे २००७पासून लाकूड आणि पोलादाचा १२ मीटर उंच हत्ती माणसांना पाठीवर घेऊन फिरतो आहे. तो पाय उचलतो, सोंडेतून पाण्याचे फवारे मारतो. पण त्याचा भार असतो चाकांवर, आणि वाफेचा त्याच्या चालण्याशी संबंध नाही. तो पाहणाऱ्याला हे सांगावं लागतं, इतका तो पटतो. असाच पटणारा हत्ती, गाडी किंवा पाणबुडी टेबलावर मावेल एवढ्या आकारात स्वतःच्या हाताने घडवणं, हा ‘स्टीमपंक’ मॉडेल करणाऱ्यांचा नाद.

पेट्रोल आणि विजेने बाजी मारलीच नसती, वाफेचंच राज्य पुढे चालू राहिलं असतं, तर यंत्रं कशी दिसली असती? स्टीमपंकचा सारा खेळ या प्रश्नावर उभा आहे. हे नाव १९८७ साली अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर याने ‘लोकस’ मासिकाला लिहिलेल्या पत्रातून रूढ झालं. जेटरच्या डोळ्यांसमोर त्याच्या पिढीतल्या काही लेखकांच्या कादंबऱ्या होत्या. पितळी नळ्या, रिव्हेट ठोकलेले पत्रे, दाबमापकाच्या गोल तबकड्या हे रूप मात्र त्याच्याही आधी पडद्यावर येऊन गेलं होतं. १९५४ साली डिस्नेने व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’वर चित्रपट काढला. त्यासाठी हार्पर गॉफने नॉटिलस पाणबुडीला करवतीसारखा कणा आणि अंगभर रिव्हेट दिले. गंमत अशी की व्हर्नची नॉटिलस विजेवर चालते, आणि तिचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो. ज्या पाणबुडीने स्टीमपंकला चेहरा दिला, तिच्यात वाफेचं इंजिन नव्हतंच.

असं मॉडेल करायच्या वाटा दोन. पहिली ‘स्क्रॅच बिल्डिंग’ची. प्लास्टिकचा कोरा पत्रा, तार, नळी एवढ्यावरून सगळं घडवायचं. दुसरी ‘किटबॅशिंग’ची. बाजारातल्या रणगाड्याच्या, विमानाच्या, मोटारीच्या तयार किटमधले भाग काढून त्यांना भलत्याच ठिकाणी नोकरीला लावायचं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधली अंतराळयानं अशीच सजली. त्यांच्या अंगावरची गुंतागुंत म्हणजे बरीचशी दुकानात मिळणाऱ्या किटमधली सुटी सामग्री. बहुतेक जण या दोन्ही वाटा मिसळतात. चाकं आणि साखळ्या किटमधून, बॉयलर नळीतून, बाकी पत्र्यातून.

अंतराळयानाच्या पाठीवर रणगाड्याचा भाग चिकटवला तर तो तिथे काय करतो, हे कोणी विचारत नाही. वाफेच्या इंजिनाला ही सवलत नाही. त्याचं सगळं पोट बाहेर असतं आणि प्रत्येक नळीचा धंदा ठरलेला असतो. टाकीतलं पाणी पंपाने बॉयलरमध्ये जातं. वाफ बॉयलरच्या माथ्यावर साठते, तिथून झडपेतून सिलिंडरमध्ये येते आणि दट्ट्या ढकलते. दट्ट्याचा दांडा चाक फिरवतो. वापरून झालेली वाफ धुराड्यातून वर सोडली जाते आणि जाताना भट्टीतला धूर ओढून नेते. त्यामुळे विस्तवाला ताजी हवा मिळते. खऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्याला हे माहीत नसलं तरी चालतं, कारण समोर फोटो असतो. काल्पनिक यंत्र करणाऱ्यासमोर फोटो नसतो. म्हणून त्याला इंजिन अधिक नीट कळावं लागतं.

व्हर्नचा हत्तीच घ्या. सोंड धुराडं ठरवली, की धूर जमा होण्याची पेटी डोक्यात आली. मग बॉयलर पोटात आडवा झोपला आणि भट्टी गेली मागे, शेपटीकडे. म्हणजे कोळसा टाकायचं दार मागच्या दोन पायांमध्ये हवं, तिथे आगवाल्याला उभं राहायला फळी हवी आणि त्याच्या हाताच्या अंतरावर कोळशाची पेटी हवी. हाकणारा मात्र पुढे, मानेवर. या दोघांना बोलायला शिट्टी, घंटा नाहीतर बोलनळी लागणार. शिवाय सोंडेला वाक असल्याने धूर कोंडणार, तेव्हा वापरलेल्या वाफेचा झोत नेमका सोंडेच्या मुळाशी सोडणारी नळी दाखवली पाहिजे. एक सोंड ठरवल्यावर अर्ध्या हत्तीचा आराखडा आपोआप उलगडतो. हे कागदावर झाल्याशिवाय जाणकार पत्र्याला कटर लावत नाही.

नवशिक्याची पहिली ओढ असते गिअरकडे. जुन्या घड्याळातली पितळी चक्रं आणायची आणि दिसेल तिथे चिकटवायची. इथेच मॉडेल पकडलं जातं. दात्यात दाते अडकलेली दोन चक्रं उलटसुलट फिरतात, हे ठीक. पण तीन चक्रं त्रिकोणात एकमेकांना भिडवली, की तिन्ही जागच्या जागी जाम. असे त्रिकोण मॉडेलच्या दर्शनी भागावर दिमाखात मिरवताना सर्रास दिसतात. दुसरी चूक मापाची. मनगटी घड्याळातलं चक्र पाव-अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. १:३५ या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचे होतात पावणेदोन सेंटिमीटर. एवढ्या चपट्या चक्राने कित्येक टनांचा हत्ती हलणार नाही. हीच चक्रं तबकडीच्या मागे, एखाद्या मापनयंत्रात बसवली तर शोभतात.

१:३५ हे प्रमाण चिलखती गाड्यांच्या मॉडेलमध्ये सर्वाधिक चालतं. त्याचं मूळ मजेदार आहे. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटरीचे सेल मावायला हवेत म्हणून त्याचा आकार ठरला आणि तो १:३५च्या आसपास आला. पुढे इतकी किटं या मापात निघाली, की सुटे भाग आणि माणसांच्या आकृत्या शोधायला दुसरीकडे जावं लागत नाही. या मापात व्हर्नचा हत्ती साधारण साडेसतरा सेंटिमीटर उंच आणि २६ सेंटिमीटर लांब होतो, आणि पावणेसहा फुटी आगवाला पाच सेंटिमीटरचा. ही आकृती जाणकार शेवटी आणत नाहीत, आधी आणतात. दरवाजा, पायरी, कठडा, दांडा, सगळं तिच्या उंचीशी ताडून कापलं जातं. माणसाचा हात पोचत नाही अशी झडप दिसली, की पाहणाऱ्याच्या लेखी मोठं यंत्र संपतं आणि खेळणं सुरू होतं.

रिव्हेट हा या छंदातला सगळ्यात चिवट भाग. बॉयलरच्या पत्र्यावरचा रिव्हेट डोक्याशी ३ सेंटिमीटर रुंद धरला, तर १:३५मध्ये तो एक मिलिमीटरहूनही बारीक होतो. दोन रिव्हेटांत ७ सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर मॉडेलवर २ मिलिमीटर. हत्तीच्या कुशीवरून जाणाऱ्या २६ सेंटिमीटरच्या एका सांध्याला १३० रिव्हेट लागले, आणि असे सांधे डझनभर असतात. करायच्या पद्धती अनेक. अगदी पातळ पत्रा उलटा ठेवून बोथट सुईने मागून दाबायचं, की पुढे टिकली उमटते. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर हे फार छान उठतं. किंवा प्लास्टिकच्या बारीक दांडीचे काप चिकटवायचे. किंवा दात कोरायच्या काडीने फेविकॉलचे थेंब ठेवायचे. ते वाळताना बसतात, म्हणून त्यावर दुसरा थेंब. कोणतीही पद्धत असली तरी आधी पट्टीने पेन्सिलीची रेघ हवी. एक रिव्हेट रांग सोडून अर्धा मिलिमीटर सरकला, तर १२९ बरोबर आलेल्यांकडे कोणी बघत नाही.

सामानासाठी परदेशी किटवाचून अडत नाही. स्टायरिनच्या आयात पट्ट्या महाग पडतात. पण वास्तुविशारदांची मॉडेलं करणारे कारागीर जे एबीएसचे पांढरे पत्रे वापरतात, ते मुंबई-पुण्यात मिळतात. विजेच्या तारेतलं तांबं आणि डाख द्यायची मऊ तार, या दोहोंतून हव्या त्या वळणाची नळी होते. गिटारची जाड तार म्हणजे तयार लवचिक होज. गोलाई भरायला एम-सील उत्तम, कारण ती हातात असेपर्यंत वळते आणि मग दगडासारखी होते. पुण्याच्या बोहरी आळीत बारीक स्क्रू, वॉशर, पितळी जाळी असं काहीबाही हाताला लागतं, आणि जुन्या बाजारात बंद पडलेली घड्याळं.

चिकटवण्याचं शास्त्र वेगळं. प्लास्टिकचा पातळ सिमेंट म्हणजे खरं तर द्रावक. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. पितळेवर त्याचा उपयोग शून्य, तिथे फेविक्विक किंवा डाख. पण फेविक्विकच्या वाफा पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं धरतात, म्हणून खिडक्यांना साधा फेविकॉल. काही कारागीर ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. ते घरच्या टेबलावर, बंद खोलीत, मुलांच्या जवळ करण्यासारखं काम नव्हे. सौम्य सिमेंट घ्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

मग रंग. पितळी किंवा तांब्याचा रंग थेट प्लास्टिकवर मारला तर तो सोनेरी कागदासारखा दिसतो. खाली चकचकीत काळा थर दिला, की धातूचं वजन येतं. पुढचा क्रम मोडायचा नाही. ॲक्रिलिकचा रंग, त्यावर पारदर्शक थर, तो पुरता वाळल्यावर पातळ केलेला तपकिरी तेलरंग. तो खाचांत आणि रिव्हेटांच्या मुळाशी उतरतो, वर उरलेला पुसून काढता येतो. तेलरंगाचा द्रावक खालच्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही, म्हणून हे साधतं. जुनेपणालाही तर्क लागतो. पितळेवरचा हिरवा कळक पाणी झिरपतं त्या सांध्यांवर, सततच्या आचेखालच्या भागावर नाही. काजळी धुराड्याच्या तोंडाशी. तेलाचे ओघळ बेअरिंगखाली. आणि कठड्याच्या दांड्यावर, जिथे हाकणाऱ्याचा हात रोज पडतो, तेवढाच पट्टा उजळ.

एक मोह मात्र बहुतेकांना आवरावा लागतो, तो म्हणजे खरी वाफ. लांबी ३५ पटींनी कमी केली की पृष्ठभाग १,२२५ पटींनी कमी होतो, पण पाण्याचं आकारमान ४२,८७५ पटींनी. म्हणजे पाण्याच्या मानाने बाहेरचं अंग फार मोठं उरतं आणि उष्णता झपाट्याने निसटते. शिवाय वाफेचे थेंब काही लहान होत नाहीत. त्यामुळे खऱ्या वाफेवर चालणारी खेळणी जाडजूड आणि मोठ्या मापाची असतात, आणि १:३५च्या धुराड्यातून काही दाखवायचंच झालं तर विजेवरचं धूरयंत्र किंवा पिंजलेला कापूस.

कल्पनेला खतपाणी घालायला खऱ्या इतिहासातच पुरेसं विचित्र आहे. एडिंबरोच्या रॉबर्ट थॉमसनने १८६७ साली भरीव रबरी धावांच्या तीनचाकी वाफेच्या गाडीचं पेटंट घेतलं. पुढे एकच चाक, उभा बॉयलर आणि रबराभोवती पोलादी पट्ट्यांची साखळी. या गाड्या पंजाबातल्या ग्रँड ट्रंक रोडवर चालवण्याचा उद्योग १८७०च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने केला. ‘चिनाब’ नावाची अशीच एक गाडी १८७१ साली इप्सविचहून एडिंबरोपर्यंत रस्त्याने जाऊन आली. पुढे क्रॉम्प्टन विजेकडे वळला, आणि त्याचं नाव आज आपल्या घरातल्या छताच्या पंख्यांवर आहे. पहिल्या मॉडेलसाठी अशी तीनचाकी गाडी हत्तीपेक्षा बरी. उभ्या बॉयलरची रचना समजून घ्यायला आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर आणावा: मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, वर धुराडं. वाफेचा दाब, झडपा आणि सिलिंडर तेवढे वाढवायचे.

प्रत्यक्ष पाहून फोटो काढायचे तर नेरळ-माथेरानच्या मार्गाची जुनी इंजिनं आहेत. ओरेनस्टाइन अँड कोप्पेल या जर्मन कंपनीने ती त्या दोन फुटी मार्गासाठी बनवली. पुण्याच्या कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लहान मापात देखावा कसा मांडतात ते शिकवतं. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्याच जर्मन कंपनीने पतियाळा संस्थानासाठी बनवलेलं इंजिन आहे. रूळ एकच, आणि तोल सांभाळायला एका बाजूला रस्त्यावरून चालणारं मोठं लोखंडी चाक. १९०७ ते १९२७ अशी वीस वर्षं ही गाडी चालली. तिच्याजवळ गेलंच तर तोलाचं चाक गाडीला जोडणारा दांडा खालून टिपून घ्यावा. काल्पनिक गाड्यांत नेमका हाच जोड बहुधा कच्चा राहतो.