झाडावर राहणारं मानचिन्ह

दोस्तांनो, जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या मानचिन्हावर कोण आहे, ठाऊक आहे? काळ्या झग्यातला साधू! शहराचं नावच मठातल्या साधूंवरून पडलंय. बर्लिनच्या चिन्हावर अस्वल आहे. तिकडे लहान लहान गावांचीही अशी चिन्हं असतात, ढालीच्या आकाराची. ढालच का? पूर्वी लढाईत शिरस्त्राणाने तोंड झाकलेलं असायचं. मग आपला कोण, परका कोण, हे कळायला ढालीवर चित्र रंगवायचे.

आपल्या महाराष्ट्राचीही ओळखचिन्हं आहेत, पण ती रानात राहतात. चक्क जिवंत! भीमाशंकर अभयारण्याची एक कड मुरबाड तालुक्यात सिद्धगडापाशी येते. तिथे मान वर करून चाला. पानं सळसळली, फांदी हलली, की समजा आपला राज्यप्राणी आला. शेकरू!

शेकरू म्हणजे खारच, पण केवढी! नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर. झुबकेदार शेपटीने तोल सांभाळत ते एका झेपेत पाच-सहा मीटर अंतर सहज कापतं. जमिनीवर क्वचितच उतरतं. आणि घरटं? एक नाही, अनेक! तीही बारीक फांद्यांवर, म्हणजे जड शिकारी तिथवर पोचूच नये. मला ही हुशारी फार आवडते. पण या झाडावरून त्या झाडावर जायला फांद्या जवळजवळ हव्यात ना? मधलं एक मोठं झाड तोडलं, की शेकराचा रस्ताच तुटतो.

राज्यफूल ताम्हण. पूजेतलं नव्हे हं! उन्हाळ्यात ओढ्याकाठी जांभळ्या फुलांचे तुरे दिसले तर जवळ जा. पाकळ्या चुरगळलेल्या कागदासारख्या असतात. पुढे त्याचं टणक फळ तडकतं आणि पंख असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. एखादं वाळलेलं फळ खाली सापडलं, तर त्याचे फाकलेले भाग मोजा. बहुतेकदा सहा भरतील.

आता तुमची पाळी. तुमच्या गावाच्या ढालीवर काय काढाल? शहापूरकरांना माहुली किल्ल्याचे सुळके सुचतील, नाहीतर मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव. मुरबाडकरांनो, तुम्ही? आजीला विचारा, रान बघा आणि चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा.