युद्धात जिंकले, तहात हरले

अमेरिकेच्या इतिहासातील निर्णायक संघर्ष म्हटला, की १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आठवते. सहा लाखांहून अधिक बळी घेणाऱ्या या युद्धाने संघराज्य टिकले, गुलामगिरी संपली. तथापि, या विजयाचे राजकीय मोल रणांगणावर नव्हे, तर बारा वर्षांनंतर वॉशिंग्टनमधील वाटाघाटींत ठरले.

१८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युअल टिल्डन यांना सुमारे अडीच लाख मते अधिक मिळाली. निर्वाचक मंडळात मात्र बहुमताला १८५ मते हवी असताना ते १८४ वर अडले. फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलिना आणि ओरेगॉनमधील २० मते वादग्रस्त ठरली. पेच सोडविण्यासाठी काँग्रेसने दोन्ही सभागृहांचे प्रत्येकी पाच सदस्य आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती यांचा आयोग नेमला. न्यायमूर्तीही पक्षनिष्ठेपलीकडे गेले नाहीत. आठ विरुद्ध सात अशा कौलाने वीसही मते रिपब्लिकन पक्षाचे रुदरफोर्ड हेझ यांच्या पदरात पडली.

डेमोक्रॅट सदस्यांनी मतमोजणी लांबवली, तेव्हा फेब्रुवारी १८७७ च्या अखेरीस वर्मली हॉटेलात दोन्ही बाजूंची खलबते झाली. हेझ यांना अध्यक्षपद, बदल्यात दक्षिणेतील रिपब्लिकन सरकारांच्या पाठीशी असलेले लष्कर मागे, असा त्यांचा मथितार्थ होता. या बैठकीला किती महत्त्व द्यावे, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, परिणामांविषयी नाहीत. हॉटेलचे मालक जेम्स वर्मली स्वतः कृष्णवर्णीय होते. ज्यांचे भवितव्य पणाला लागले होते, त्या कृष्णवर्णीयांचा प्रतिनिधी मात्र त्या बैठकीत नव्हता.

२ मार्च रोजी हेझ विजयी घोषित झाले. एप्रिलमध्ये लष्कर बराकीत परतले. वर्णाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती रद्द झाली नाही. तिची अंमलबजावणी तेवढी थांबली. पुढे दहशत, मतदान कर आणि साक्षरता चाचण्यांनी उरलेले काम केले. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०० मध्ये जेमतेम ५ हजार उरले.

या समझोत्याच्या चारच वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्तीची राजकीय हमी इतक्या लवकर सत्तेच्या सौद्यात निघाली.

घटनेने दिलेला अधिकार शासनाच्या इच्छाशक्तीअभावी किती काळ निद्रिस्त राहू शकतो, याचे हे उदाहरण आहे. १९६५ च्या मताधिकार कायद्याने तो पुन्हा जागा केला, तेव्हा ८८ वर्षे उलटली होती.