विश्लेषण : क्रीडा साहित्याच्या साखळी दुकानांपुढे अक्कलकोटचा दुकानदार टिकेल?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाला धावण्याचे बूट हवे असतात. शाळेला तालुकास्तरीय स्पर्धेच्या तोंडावर व्हॉलीबॉलची जाळी लागते. गावातल्या मंडळाला टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेसाठी चषक हवे असतात. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावात ही तिन्ही गिऱ्हाइके वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या दुकानात जात आली. त्यातला पहिला ग्राहक आता मोबाइलवर दर पाहू लागला आहे. राष्ट्रीय साखळी दुकानांनी लहान शहरांकडे मोर्चा वळवला असताना स्थानिक क्रीडा साहित्य विक्रेत्यापुढचे आव्हान नेमके काय, याविषयी…

साखळी दुकानांचा विस्तार किती?

या क्षेत्रातील सर्वांत मोठे नाव डेकॅथलॉन. मिशेल लेक्लर्क यांनी १९७६ मध्ये फ्रान्समधील लील शहराजवळ पहिले दुकान काढले. भारतात कंपनीने २००९ मध्ये बेंगळूरुत पाय ठेवला, तो घाऊक विक्रेता म्हणून. किरकोळ विक्रीची परवानगी तिला २०१३ मध्ये मिळाली. आज देशातील ५० हून अधिक शहरांत तिची सव्वाशेहून अधिक दुकाने आहेत. पाच वर्षांत १० कोटी युरो गुंतवण्याची घोषणा कंपनीने २०२४ मध्ये केली आणि २०३० पर्यंत ९० हून अधिक शहरांत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. याचा अर्थ यापुढची दुकाने महानगरांपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक निघणार. पाठपिशव्या आणि गिर्यारोहणाच्या साहित्यासाठी ओळखली जाणारी बेंगळूरुची वाइल्डक्राफ्ट किंवा रिलायन्ससारखे देशी समूहही याच ग्राहकाच्या मागे आहेत.

सुमारे ४० हजार लोकसंख्येच्या अक्कलकोटमध्ये इतके मोठे दालन उघडणे व्यवहार्य ठरणे कठीण. पण सोलापूर येथून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे आणि घरपोच सेवेला तेही अंतर उरलेले नाही.

कायद्याचा अडथळा नाही का?

बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला २०१२ मध्ये मुभा मिळाली. परवानगीचा निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला आणि अशी दुकाने प्रामुख्याने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती ठेवण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. त्यामुळे या नियमाचे कवच सोलापूर जिल्ह्यातील व्यापाऱ्यांना आहे, असे अनेकांना वाटते.

प्रत्यक्षात क्रीडा साहित्याच्या बाबतीत ते कवच लागू होत नाही. स्वतःच्याच नाममुद्रेचा माल विकणारी कंपनी ‘एकल ब्रँड’ विक्रेता ठरते. तिच्यासाठी २०१२ पासून शंभर टक्के परकीय गुंतवणूक खुली आहे आणि लोकसंख्येची अट नाही. परकीय वाटा ५१ टक्क्यांहून अधिक असल्यास ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट मात्र आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही शिथिल झाली. निर्यातीसाठी भारतात केलेली खरेदी त्यात धरली जाऊ लागली आणि प्रत्यक्ष दुकान काढण्याआधीच ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली. देशी कंपन्यांना तर यातले कोणतेच बंधन नाही.

त्यांचा माल स्वस्त कसा?

भारतातील क्रीडा साहित्य उद्योग मुख्यतः जालंधर आणि मेरठमध्ये आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तो या शहरांत रुजवला. ‘एसजी’ हे क्रिकेटमधील परिचित नाव १९३१ मध्ये सियालकोटमध्येच सुरू झाले आणि पुढे मेरठला आले. तिथला चेंडू किंवा बॅट अक्कलकोटच्या फळीवर येईपर्यंत कारखानदार, राज्याचा वितरक, शहरातला घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार अशा चार हातांतून जाते. प्रत्येकाचा नफा किमतीत मिसळतो, वाहतूक वेगळी.

साखळी कंपनी वस्तूची रचना स्वतः करते, बनवून घेते आणि स्वतःच विकते. मधले दोन टप्पे गळतात. एकाच नमुन्याच्या लाखो जोड्यांची मागणी एकदम नोंदवल्याने उत्पादन खर्चही उतरतो. दुकानदार दहा जोड आणतो. त्यातले सहा-सात मापाचे चार जोड वर्षभर पडून राहिले, तर उरलेल्या सहांवरचा नफा तिथेच संपतो. बूट आणि कपडे यांत स्थानिक दुकान मागे पडते ते याच गणितामुळे. मालकाची वृत्ती किंवा दुकानाची सजावट हा त्यातला दुय्यम भाग.

मग स्थानिक दुकान चालते कशावर?

बूट-कपड्यांवर नव्हे, तर संघ आणि संस्थांवर. शाळा, महाविद्यालये, तालमी, गणेश मंडळे आणि स्पर्धांचे संयोजक हा तालुक्याच्या दुकानाचा कणा असतो. चषकावर नाव कोरणे, पदकांच्या फिती, गंजीफ्रॉकवर क्रमांक छापणे, रॅकेटची तार ओढणे, बॅटची मूठ बदलणे ही कामे दोन दिवसांत, कधी दोन तासांत हवी असतात. दुधनी, मैंदर्गी किंवा वागदरीचा क्रीडाशिक्षक दुकानदाराशी कन्नडमध्ये बोलतो, माल घेऊन जातो आणि अनुदान जमा झाल्यावर पैसे देतो. ही उधारी साखळी दुकानाच्या संगणकात बसत नाही.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक स्तरावर कमाल पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार, तर माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५ हजार रुपयांची तरतूद आहे. एका शाळेसाठी रक्कम लहान, पण तालुक्यातील सर्व शाळांची बेरीज दुकानाच्या वर्षभराच्या उलाढालीत महत्त्वाची ठरते. शाळा स्वतः खरेदी करते तोवर हा पैसा तालुक्यात फिरतो. हीच खरेदी जिल्हा किंवा राज्य पातळीवर एकत्रित झाली, अथवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी खरेदी संकेतस्थळावर गेली, की स्पर्धा थेट जालंधर-मेरठच्या पुरवठादारांशी होते. शेजारच्या शहरातील चकचकीत दालनापेक्षा हा धोका अधिक मोठा, पण त्याची चर्चा कमी होते.

जीएसटी कपातीचा फायदा कोणाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून पाच टक्क्यांवर आला. व्यायामाची उपकरणे मात्र १८ टक्क्यांतच राहिली. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या बूट-चपलांवर पाच टक्के, त्यावर १८ टक्के कर आहे. करापूर्वी एक हजार रुपये किंमत असलेली बॅट त्यामुळे १,१२० ऐवजी १,०५० रुपयांना पडते. हा लाभ दोन्ही बाजूंना सारखाच.

फरक पडतो तो नोंदणीच्या प्रकारात. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेले अनेक दुकानदार आपसमेळ योजनेत असतात. त्यांना उलाढालीवर फक्त एक टक्का कर भरावा लागतो, पण तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. त्यांना राज्याबाहेर माल पुरवण्याचीही परवानगी नसते. अक्कलकोटसाठी ही अट विशेष जाचक आहे. कारण कलबुर्गी जिल्ह्यातील अफझलपूर, आळंद आणि विजयपुरा जिल्ह्यातील इंडी हे शेजारचे तालुके. भाषा आणि सोयरीक दोन्ही बाजूंना एकच असली, तरी सीमेपलीकडच्या शाळेची मागणी पोहोचवायची तर दुकानदाराला नियमित नोंदणी घ्यावी लागते. साखळी कंपनीला ती सीमा जाणवतही नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० आणि १०० मीटर, महिलांना ८०० आणि १०० मीटर धावणे, शिवाय गोळाफेक असते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा चार किलोचा. सरावाचा गोळा दोनशे ग्रॅमने हलका निघाला तरी मैदानावर अंदाज चुकतो. तो दुकानातच काट्यावर तोलून घेता येतो, हा प्रत्यक्ष खरेदीचा फायदा. बुटांच्या बाबतीत ऑनलाइन निवड मोठी असते, पण पंजा रुंद असलेल्यांना माप चुकण्याचा अनुभव येतो. माल परत घेण्याची अट साखळी कंपन्यांकडे स्पष्ट लिहिलेली असते. स्थानिक दुकानात ती बहुधा ओळखीवर चालते. म्हणून पावती मागणे ग्राहकाच्या हिताचे.

पुढे काय?

बूट, जॅकेट, पाठपिशव्या, तंबू हे वैयक्तिक वापराचे साहित्य साखळी दुकाने आणि मोबाइलकडे जाणार, हे जवळपास स्पष्ट आहे. त्या मालात भांडवल अडकवण्याऐवजी संघांचे गणवेश, मैदानाची आखणी, खो-खोचे खांब, कबड्डीच्या मॅट, दुरुस्ती आणि चषक यांवर भर देणारे दुकान टिकण्याची शक्यता अधिक. गणवेश शिवणारा उद्योग सोलापुरातच असल्याने संघांच्या पोशाखासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. चार-पाच तालुक्यांतील दुकानदारांनी एकत्र मागणी नोंदवली, तर कारखान्याकडून थेट माल घेऊन एखादा मधला टप्पा त्यांनाही टाळता येईल.

उरलेला निर्णय दुकानदाराच्या हातात नाही. शाळांची छोटी खरेदी तालुक्यातच राहू द्यायची का आणि आपसमेळ योजनेतील सीमावर्ती व्यापाऱ्यांना शेजारच्या राज्यात माल देण्याची मर्यादित सवलत द्यायची का, हे सरकारने ठरवायचे आहे. तरुणाला बूट कुठूनही मिळतील. पण स्पर्धेच्या सकाळी चेंडू फुटला, तर दुसरा आणून देणारे दुकान चाळीस किलोमीटरवर असून चालत नाही.