पाण्यात मारलेली हाक

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी एक जुना आड होता. दादी मला धरून आत हाक मारायला लावायची. हाक उशिरा परतली की म्हणायची, "पानी नीचे उतर गया रे." आडातलं पाणी जोखायची ही आमची रीत.

समुद्रातले मासे मोजायची रीतही जवळपास तीच आहे. बोटीच्या तळाशी बसवलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतं. त्याला सोनार म्हणतात. दागिने घडवणारा सोनार नव्हे! समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. हाक सेकंदाच्या दहाव्या हिश्शात परतली, तर मासा 75 मीटरवर आहे असं समजायचं. नॉर्वेच्या ऑस्कर सुंद यांनी 1935 मध्ये कॉड माशांच्या थव्याचं असं प्रतिध्वनिचित्र प्रसिद्ध केलं.

आपल्याला याचं काय, असं श्रोते विचारतील. 2013 च्या फेब्रुवारीत परळीचं वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडलं, ते आठवा. वीज पाणी मागते. 1969 साली सुरू झालेलं तारापूरचं अणुवीजकेंद्र ते समुद्रातून घेतं. वाफ थंड करून हे पाणी कोमट होऊन समुद्रात परत जातं. अशा केंद्रांत पाणी ओढताना मासे चाळण्यांवर अडकतात, अंडी आणि बारीक पिल्लं आत जातात. नांदेडात दिवा लागतो तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यात काय उरतं, हे आपणही विचारायला हवं.

गढूळ पाण्यात डोळा चालत नाही, तिथे सोनार चालतं. एकाच हंगामात, सारख्याच भरतीला, केंद्राजवळ आणि केंद्रापासून दूर मोजणी करायची. दरवर्षी तीच वाट धरायची. मग फरक कळतो.

पण या यंत्राच्या कानाला एक खोड आहे. त्याला मांसापेक्षा हवा जास्त ऐकू येते. घोळ माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, कोळी तिला भोत म्हणतात. तिच्यावर आपटून आवाज ठणठणीत परततो. आपल्या आठवडी बाजारात सुका मिळणारा बोंबील मात्र अशा पिशवीविना जगतो, त्याची ओ क्षीण येते. उलट, केंद्रातून सुटलेल्या पाण्याचे बुडबुडे माशांसारखे भासतात.

म्हणून सोनारच्या जोडीला जाळं टाकून बघावं लागतं, कोळ्यांनाही विचारावं लागतं. दादीसुद्धा नुसत्या हाकेवर थांबत नसे. मागोमाग ती पोहरा सोडून बघायची.