कागदपत्रे हरवली? दुय्यम प्रतीच्या आधी हे करा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर एवढी गर्दी असते की कोणाची पिशवी राहून जाते, कोणाचे पाकीट मारले जाते. एरवीही आपली मुले भरतीला, शिष्यवृत्तीच्या कामाला, पडताळणी समितीपुढे जाताना आधार, पॅन, जात प्रमाणपत्र, वैधता, मार्कशीट, पासबुक असे सगळे एकाच फाईलमध्ये घेऊन फिरतात. ही फाईल हरवली की घरात पहिला प्रश्न येतो, 'आता दुसरे कधी मिळणार?' मग सेतू केंद्र आणि तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात.

कागद परत मिळतो, त्याला वेळ लागतो एवढेच. पण तुमचा आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख आणि सहीचा नमुना एकत्र कोणाच्या हाती पडला तर तो तुमच्या नावाने सिम घेऊ शकतो, ॲपवरून कर्ज उचलू शकतो, खाते उघडून त्यात फसवणुकीचे पैसे फिरवू शकतो. २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितले होते की त्यांच्या पॅनवर कोणीतरी अडीच हजारांचे कर्ज काढले आणि त्यांचा क्रेडिट स्कोअर बिघडला. त्यांचे ऐकले जाते. वस्तीतल्या मुलाला मात्र शैक्षणिक कर्ज नाकारले जाते तेव्हाच हे कळते, किंवा थेट पोलिसांची नोटीस येते तेव्हा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मोबाईलही गेला असेल तर सुरुवात तिथूनच करा. मोबाईल आणि डेबिट कार्ड एकत्र जाणे सगळ्यात धोक्याचे आहे, कारण कार्डावरचे आकडे आणि तुमच्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा पिन बदलता येतो. दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, लगेच बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याच नंबरचे नवे सिम शक्यतो त्याच दिवशी घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत आणि पुढची बरीच कामे ओटीपीवर अडतात. संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोनही ब्लॉक करता येतो.

दुसरे काम आधारचे. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. गावातल्या केंद्रावर अंगठा लावून पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. दस्तांवरून ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ते फुकट होते. रेशन दुकानात अंगठा लावायच्या वेळी ते तात्पुरते उघडायचे. थोडी कटकट आहे, पण खाते रिकामे होण्यापेक्षा बरी. तिथेच आधारचा वापर कधी, कशासाठी झाला याची मागील सहा महिन्यांची नोंदही दिसते. अडचण आली तर १९४७ वर फोन करा.

तिसरी गोष्ट पोलिसांकडची नोंद. कागद खरेच हरवला असेल तर हरवल्याची नोंद पुरते, ती ऑनलाइनही होते. पण पाकीट मारले गेले असेल तर 'हरवले' असे लिहून देऊ नका, चोरीची तक्रार द्या. ठाण्यात 'घरी नीट शोधा' किंवा 'आमच्या हद्दीत येत नाही' असे ऐकवले जाते. आपल्या माणसाला ते जरा जास्तच ऐकवले जाते, हा कार्यकर्त्यांचा नेहमीचा अनुभव. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते. तरीही नाकारले तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. या कागदावरची तारीख पुढे तुमची ढाल आहे. तुमच्या नावाच्या खात्यातून सहा महिन्यांनी कोणाला फसवले गेले, तर कागद आधीच गेले होते हे दाखवायला तुमच्याकडे दुसरे काय असणार?

त्यानंतरची काही महिने नजर ठेवा. संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत ते दिसते. अनोळखी नंबर तिथेच कळवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एक मागवा. न घेतलेले कर्ज दिसले तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. वसुलीवाल्याच्या धमकीला घाबरून 'थोडे भरून मिटवू' हे मात्र करू नका, कर्ज मान्य केल्यासारखे होते. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (सी) खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, तक्रारीत कलमाचा उल्लेख करा.

कागद चोरीलाच जावे लागतात असेही नाही. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल त्याच्या संगणकावर तशीच पडून असते. समोरच पुसायला सांगा. प्रत देताना तिच्यावर आडवे लिहा: कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला. जिथे चालते तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या. डिजिलॉकरमधला दाखला कायद्याने मूळ प्रतीइतकाच ग्राह्य आहे, त्यामुळे जत्थ्याबरोबर मुंबई-नागपूरला निघताना मूळ फाईल घरी ठेवा. जात प्रमाणपत्र आणि वैधतेचा क्रमांक, तारीख, देणारे कार्यालय वहीत लिहून ठेवा. दुय्यम प्रत मागताना हेच विचारतात.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन-तीन तरुणांनी तासभर बसून वडीलधाऱ्यांचे बायोमेट्रिक लॉक करून दिले तर महिन्याभरात वस्ती पूर्ण होईल. आधाराला मोबाईल नंबर जोडलेला आहे का, हे आदल्या रविवारी विचारून घ्या. ज्यांचा नाही, त्यांना आधी आधार केंद्रावर न्यावे लागेल. आणि कोणाचाही ओटीपी मोठ्याने वाचून घेऊ नका, तो त्यांनाच टाकू द्या.