बदकचोच मिळेल का हो, बदकचोच?

पाणबुड्याचं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं श्वासयंत्र आजही चालू शकतं. पितळ टिकतं, दगा देतं ते रबर. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या नादी लागलेली देशोदेशीची हौशी मंडळी बोटभर लांबीच्या एका रबरी तुकड्याच्या शोधात असतात. हौस झकासच, पण तिच्यात चूक झाली तर ती सुधारायला पुन्हा संधी मिळेलच असं नाही!

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवरून चक्कर मारा. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे कंदील, बंद पडलेली घड्याळं, आणि या सगळ्यात हमखास दिसणारं तांब्या-पितळेचं भलंमोठं गोल शिरस्त्राण. समोर गोल काचेची खिडकी, वर जाळी. ‘इंग्रजांच्या जमान्यातलं आहे साहेब, बोट तोडली तेव्हा निघालं,’ असं दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो. आता गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर 1983पासून जहाजं तोडली जातात, मुंबईच्या दारूखान्यात तर त्याआधीपासून. त्यामुळे गोष्ट खरी वाटते. प्रत्यक्षात असा बहुतेक माल रुरकीसारख्या ठिकाणी नव्यानेच घडवलेला असतो. त्यावर ‘सीबी गोरमन, लंडन’ अशी पट्टीही डकवलेली असते.

अस्सल आणि नकली ओळखायचं कसं? खऱ्या शिरस्त्राणावर आणि त्याखालच्या खांद्यावर बसणाऱ्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला असतो आणि दोन्ही आकडे सहसा जुळतात. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. हवेची नळी जिथे जोडतात, तिथे आत एकेरी झडप असायलाच हवी. हवा आत जाईल, पण उलटी बाहेर येणार नाही अशी. वर बोटीतला पंप किंवा नळी फुटली, तर ही झडप नसलेल्या पाणबुड्याला पाण्याचा दाब अक्षरशः शिरस्त्राणात कोंबत असे. नकली मालात या जागी नुसतंच भोक, नाहीतर तेही नाही. दिवाणखान्यात ठेवायला असला ऐवज काही वाईट नाही म्हणा. पाण्यात मात्र तो नेऊ नये.

पण शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरून पंप मारणारी माणसं हा सगळा जामानिमा ज्या यंत्राने मोडीत काढला, त्याचं नातं थेट तुमच्या स्वयंपाकघराशी आहे! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोलची चणचण होती. मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. इंजिनाला हवा तेवढाच गॅस मिळावा म्हणून एर लिकिड कंपनीतल्या एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरने एक रेग्युलेटर बनवला होता. नौदलातला अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो त्याला 1942च्या डिसेंबरात भेटला. इंजिनाऐवजी माणसाला असा मागेल तेवढाच वायू देता येईल का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

पहिलं यंत्र घेऊन कुस्तो पॅरिसजवळच्या मार्न नदीत उतरला. आडवं पोहताना सगळं छान! उभा राहिला तर हवा भसाभसा वाहून फुकट जाऊ लागली, आणि डोकं खाली, पाय वर केले तर हवा येईचना. दोघंही हिरमुसले. कारण नंतर उमगलं. हवा देणारा पडदा एका खोलीवर आणि उच्छ्वास सोडणारी झडप दुसऱ्या खोलीवर, मग दोन्हीकडचा पाण्याचा दाब सारखा राहणार कसा? उपाय म्हणून उच्छ्वासाची नळीही मानेमागे वळवून झडप पडद्याच्या अगदी शेजारी आणून बसवली. 1943च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात हे यंत्र झकास चाललं. तेच ‘अ‍ॅक्वालंग’.

ही शेजारी बसवलेली झडप म्हणजेच आपली बदकचोच! मऊ रबराची चपटी चोच, उच्छ्वास सोडला की उघडते आणि पाण्याच्या दाबाने मिटते. तिच्यामुळेच जुन्या यंत्राला दोन जाड, सुरकुत्यांच्या नळ्या असतात. एक श्वास आणते, दुसरी उच्छ्वास मागे नेते. बुडबुडे मानेमागून निघतात, चेहऱ्यासमोर येत नाहीत. मासे कमी बिचकतात आणि फोटो काढणाऱ्याचं फावतं. जुन्या यंत्राचे भक्त आजही हा गुण सांगताना थकत नाहीत.

मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1952मध्ये ‘पॉरपॉइज’ हे एका बारीक नळीचं यंत्र बाजारात आणलं आणि दोन नळ्यांचे दिवस भरत आले. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटक तोंडात धरतात तो याच जातीचा रेग्युलेटर. 1970च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी दोन नळ्यांची यंत्रं बनवणं थांबवलं. यंत्रं माळ्यावर गेली आणि सुटे भागही हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले.

अशी एखादी पेटी उघडली की आत काय दिसतं? क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ बहुधा ठणठणीत. फार तर कळकलेलं. आजीने चिंच लावून तांब्या घासला, त्यामागे जे शास्त्र आहे तेच इथेही. सौम्य आम्लात, म्हणजे पाणी घातलेल्या व्हिनेगारमध्ये भाग थोडा वेळ भिजवतात, मऊ ब्रशने घासतात आणि गोड्या पाण्याने निथळून धुतात. घासकाम फार झालं तर क्रोम जातं आणि झडप जिथे टेकते त्या कडेवर चरा पडतो. तो चरा म्हणजे कायमची गळती. एवढ्या एका कडेपायी अख्खा रेग्युलेटर भंगारात जाऊ शकतो. म्हणून तिला कुणी टोकदार हत्यार लावत नाही.

रबराची कथा मात्र करुण. पडदा कडक होतो, नळ्यांच्या सुरकुत्यांत भेगा पडतात, बदकचोच वाळून चिकटते नाहीतर वाकडी होऊन उघडीच राहते. नळी वरून चांगली दिसली तरी ताणून, वाकवून प्रत्येक घडी उजेडात पाहावी लागते. इथे काटकसर नको. जुनं रबर सरसकट बदलायचं.

मग नवं आणायचं कुठून? पूर्वी दोन यंत्रं विकत घेऊन त्यातून एक उभं करायचं, हाच मार्ग होता. सुदैवाने अमेरिकन ‘यू. एस. डायव्हर्स’ कंपनीच्या डीए अ‍ॅक्वामास्टर, मिस्ट्रल, रॉयल अ‍ॅक्वामास्टर या यंत्रांचे पडदे, चोची आणि नळ्या एकमेकांना चालतात. गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या हौशी लोकांनीच साचे करून सिलिकॉनच्या नव्या चोची आणि पडदे बनवायला घेतले. कुणी तर जुन्या डब्यात बसेल असा नवा पितळी गाभाच घडवला, ज्याला दाबमापकही जोडता येतो. कमी खपाच्या यंत्रांच्या मालकांना मात्र अजूनही दुसरं यंत्र बळी द्यावं लागतं.

सगळंच परदेशातून मागवावं लागतं असं नाही. ओ-रिंग हा नावाने नव्हे, मापाने मिळणारा भाग आहे. आतला व्यास, रबराची जाडी आणि कडकपणा मोजून नेला, की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानांत जोडीदार सापडू शकतो. चपटी झालेली जुनी रिंग मोजण्यापेक्षा ती ज्या खाचेत बसते ती खाच मोजणं शहाणपणाचं. बसवताना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. मोटारीचं किंवा सायकलीचं ग्रीस चुकूनही नको, पेट्रोलियमने रबर फुगतं.

रेग्युलेटर रुसला तर हवा कमी येते, नाहीतर जास्त. टाकीचं तसं नाही. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो, पाणबुड्याच्या भरलेल्या टाकीत दोनशेच्या आसपास. शंभर पट! अमेरिकेत 1988पर्यंत बनलेल्या अनेक अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या 6351 नावाच्या मिश्रधातूच्या होत्या. त्यांच्या मानेशी आतून हळूहळू तडे वाढत जातात, वरून काही कळत नाही. अशा काही टाक्या भरताना फुटल्या आहेत. पोलादी टाकीचा धोका वेगळा. आत ओल राहिली की गंज चढतो, आणि गंज चढताना आतल्या हवेतला ऑक्सिजन खर्च होतो. महिनोन्महिने भरून ठेवलेल्या ओल्या टाकीतली हवा दिसायला हवाच, पण प्राणवायू अपुरा. पाण्यात तसा माणूस बेशुद्ध होतो तो सूचना न देता.

आपल्या घरच्या गॅस सिलिंडरच्या कड्याजवळ ‘A’, ‘B’, ‘C’ किंवा ‘D’ आणि पुढे वर्ष रंगवलेलं असतं. ‘A’ म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे पुढची तिमाही. तोवर पुन्हा दाबचाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. पाणबुड्याची टाकीही याच कायद्याच्या कुटुंबातली. 2016च्या गॅस सिलिंडर नियमांचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पूर्वीच्या स्फोटक विभागाचं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मान्यता नसलेली टाकी भरायला या नियमांत मनाई आहे. म्हणून जाणकार सांगतात, जुना रेग्युलेटर हौसेने वापरा, जुनी टाकी कोपऱ्यात शोभेला ठेवा, आणि हवा भरायची ती नव्या, चाचणी झालेल्या टाकीतच.

जुन्या टाकीच्या तोटीवर एक कांडीही असते. त्या काळी पाणबुड्याजवळ दाबमापक नसायचं. टाकी साधारण वीस बारपर्यंत उतरली की स्प्रिंग हवा अडवायची. श्वास जड झाला की कांडी ओढायची आणि उरलेल्या हवेवर वर यायचं. पण वेलीत नाहीतर जाळ्यात अडकून ती आधीच ओढली गेलेली असेल तर? राखीव हवाही नकळत संपलेली! आजचा शहाणा शौकीन म्हणून दाबमापक जोडतोच.

दुरुस्ती झाली की परीक्षा. एक साधी काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक रेग्युलेटरच्या तोंडाशी जोडायचं. हळूच ओढ दिली की पाणी चढतं. ते अडीच-तीन सेंटिमीटर चढेपर्यंत हवा सुटली तर काम ठीक. त्याच्या दुप्पट चढूनही हवा येत नसेल, तर पडद्याखालची तरफ पुन्हा जुळवायची. तरफ वाजवीपेक्षा उंच राहिली तर हवा सतत गळत राहते. एका केसाइतक्या फरकासाठी डबा पाच-सहा वेळा उघडावा लागला, तरी या मंडळींना त्याचं काही वाटत नाही.

शेवटची फेरी कमरेइतक्या पाण्यात, पोहण्याच्या तलावात, सोबत जाणता जोडीदार ठेवून. आधी आडवं व्हायचं. मग पाठीवर. पाठीवर वळल्यावर तोंड वर जातं आणि हवा जोरात येते, ती या यंत्राची खोडच आहे, बिघाड नव्हे. त्यानंतर डोकं खाली, पाय वर करायचे आणि मार्न नदीत कुस्तोला न मिळालेला श्वास आपल्याला मिळतो का ते पाहायचं.